डाव्या अंगाची भुई

१

कडूबाईच्या आईची पाठोपाठ तीन लेकरं दगावली, तेव्हा चौथीचं नाव कडू ठेवलं. यमानं तोंडात घातली तरी थुंकून टाकावी, म्हणून. आणि यमानं खरोखरच थुंकली. पंचेचाळिशी उलटली तरी बाईला कधी साधी कणकण आली नाही. पण यम काही दारातून रिकाम्या हातानं परत जाणारा पाहुणा नव्हे. कडूबाई लग्न होऊन धावड्याला आली, त्या घरातून त्यानं आधी सासरा नेला, मग चुलतसासरा, मग मोठा दीर, आणि दोन हजार साली तिचा नवरा बिरू. चौघांची तऱ्हा एकच. आधी एका डोळ्यानं दिसेनासं व्हायचं, मग चालताना झोक जायचा, मग डोकं धरून बसायचं. पन्नाशी एकानंही पाहिली नाही.

चौघांचे चार टाक देव्हाऱ्यात होते. दोन बोटं रुंदीचा चांदीचा चौकोनी पत्रा, त्यावर सोनारानं ठोकून काढलेला चेहरा. घरातला कर्ता माणूस गेला की वर्षाच्या आत त्याचा टाक देवात बसवायचा, म्हणजे तो दाराबाहेर घुटमळत राहत नाही, अशी त्यांच्यातली रीत. दर रविवारी कडूबाई हे टाक परातीत घ्यायची, चिंचेच्या कोळानं घासायची, पुसून पुन्हा जागेवर ठेवायची. त्याआधी सुनेनं देवघराची भुई शेणानं सारवून ठेवायची. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

बिरूला जाऊन दोन वर्षं झाली, त्या उन्हाळ्यातला एक रविवार. भुई वाळत आली तेव्हा कडूबाईला दिसलं की डाव्या भिंतीलगत हातभर पट्टा तसाच राहिलाय, कोरडा, पांढरट.

"उषे, ही भुई काय तुझ्या बापानं येऊन सारवायची का?"

उषाचा बाप म्हणजे कडूबाईचा सख्खा भाऊ कारभारी, त्यामुळं ही शिवी घरच्या घरीच फिरली. भावाची लेक तिनं आपल्या लेकाला, देवानंदला, करून घेतलेली. मामाची पोरगी, हक्काची. उषा अजून तिला सासूबाई न म्हणता आत्याच म्हणायची.

"सारवली की आत्या. सगळी सारवली." मग तिनं मान डावीकडं वळवली आणि दचकली. "अगं बया! ही कव्हा राह्यली?"

"आळशाला गंगा दूर," कडूबाई म्हणाली, आणि पोतेरं हातात घेऊन तिनं तो पट्टा स्वतःच सारवला. पुढल्या रविवारी पट्टा पुन्हा राहिलेला होता.

२

बिरूचं डोकं उघडून गाठ काढणाऱ्या औरंगाबादच्या डॉक्टरचं मध्येच पत्र आलं, घरच्या माणसांना घेऊन या म्हणून. कडूबाई देवानंदला घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता, सावकाश बोलायचा.

"हा आजार रक्तातून पुढं जातो, मावशी. आईत असो की बापात, प्रत्येक लेकराला निम्मा धोका. नाणं उडवल्यासारखं आहे. मुलगा-मुलगी असा काही भेद नाही. आता रक्त तपासून कळतं. आधी कळलं तर दरवर्षी डोळे तपासू, गाठ बारीक असतानाच जाळून टाकू. डोळा वाचतो, माणूस वाचतो."

त्यानं कागदावर कुळी मांडली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याला आजार झाला तो चौकोन पेनानं काळा करायचा. चार चौकोन काळे झाले. देवानंदचा चौकोन आणि धाकट्या लेकीचा, बेबीनंदाचा, गोल त्यानं खाली मोकळे ठेवले.

"बिरूंना बहीण होती?"

"होती एक. सखू. पण ती देऊन टाकली."

"म्हणजे?"

"लगीन करून दिली. मंग ती तिच्या घरची झाली. विहिरीत पडून मेली, बारा वर्सं झाली. तिला आजारबिजार काय नव्हता."

"तिची मुलं?"

"हायेत की. तिच्या घरी."

डॉक्टरनं एक गोल काढला आणि आत काहीच न भरता तसाच ठेवला. "त्यांनाही घेऊन या," तो म्हणाला. कडूबाईनं मान हलवली. देवानंद तेवढ्यात औषधाच्या खिडकीशी गेला होता.

आता यातलं खरं किती आणि खोटं किती? सखू दिली होती ती कारभारीला, कडूबाईच्याच भावाला, केदारखेड्याला. साटंलोटं, एका मांडवात दोन लग्नं, तुमची पोर आम्हाला, आमची तुम्हाला. सखूची थोरली लेक म्हणजेच उषा. म्हणजे जिला घेऊन या म्हणून डॉक्टर सांगत होता, ती कडूबाईच्याच चुलीपुढं भाकरी थापत होती. पण कडूबाईनं खोटं सांगितलं असंही नाही. तिच्या मनात ते तसंच होतं. लेक दिली की तिचं देवक बदललं, कूळ बदललं, रक्तही बदललं. उषा म्हणजे माझ्या भावाची पोर. माझ्या माहेरात कुणाचे डोळे गेले? कुणाचेच नाहीत. संपलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्यातलं मुसळ दिसत नाही, ते असं.

सखू मेली तेव्हा कुणी म्हणालं पाय घसरला, कुणी म्हणालं तिनंच उडी टाकली. उडीची कुजबूज होती म्हणून केदारखेड्यात तिचा टाक केला नाही. आणि दिलेल्या लेकीचा टाक माहेरी करायची रीतच नाही. वर्षाच्या आत कारभारीनं दुसरी बायको आणली.

३

त्याच सुमाराला बेबीनंदाचं लग्न जुळत आलं होतं. मुलगा सर्जेराव, घनसावंगीकडचा, साखर कारखान्यात कायम झालेला. असं स्थळ धनगराच्या पोरीला रोज उठून येत नाही. पण मुलाचा बाप अण्णासाहेब जुना मुरलेला माणूस. चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "ऐकून हाव की तुमच्या घराण्यात डोळ्याचा काही रोग हाय. डॉक्टर रक्त तपासून राह्यलाय म्हणं. त्याचा कागद दाखवा, मंग सुपारी फोडू. आमचं काय म्हणणं न्हाई, पण बिलकुल बराबर पाहिजे."

तीन रात्री कडूबाईचा डोळ्याला डोळा लागला नाही. नाणं उडवल्यासारखं, डॉक्टर म्हणाला होता. पोरीचं आयुष्य नाण्यावर टाकायचं? चौथ्या दिवशी तिला तोड सापडली, आणि ती इतकी साधी होती की आधी का सुचली नाही याचंच तिला नवल वाटलं.

आषाढात औरंगाबादची सिस्टर भोकरदनच्या दवाखान्यात येऊन रक्त घेणार असं ठरलं. देवानंद सकाळीच रक्त देऊन खत आणायला गेला. दुपारच्या गाडीनं कडूबाई उषाला घेऊन आली. बेबीनंदा ताप आल्याचं निमित्त करून घरी.

"मंगळसूत्र आत घाल पोलक्यात," बाहेरच्या बाकड्यावर कडूबाई म्हणाली. "अन् पदर नीट घे."

"आत्या, झाकू?" उषाचा चेहरा उतरला. "बरं दिसतंय का ते?"

"घटकाभरानं काय होतंय? तुझ्या नणंदेचं भलं व्हायचं असलं तर झाक. तुझं रक्त माझ्या माहेरचं, सोन्यासारखं. कागद कोरा करकरीत येईल."

उषानं झाकलं. आत्यानं सांगितलं आणि तिनं केलं नाही असं आजवर एकदाही झालं नव्हतं.

"बेबीनंदा बिरू!" आतून सिस्टरनं हाक मारली. उषा उठली. वय विचारलं, ते कडूबाईनंच सांगितलं. सिस्टरनं तिच्या डाव्या दंडाला रबर बांधलं आणि सुई घातली. उषा समोर भिंतीकडं बघत होती. सुई आत जाईपर्यंत तिनं पापणीही हलवली नाही आणि मग एकदम शहारली. पोर धीराची आहे, असं कडूबाईला वाटलं. सुई येताना तिला दिसलीच नसेल, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

४

त्या पुढच्या रविवारी परातीत पाच टाक निघाले.

कडूबाईनं पुन्हा मोजले. चार चौकोनी, त्यांचे चेहरे तिला पाठ होते. पाचवा गोल. त्यावर नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. नुसता चांदीचा गोल पत्रा, कडेला बारीक ठोकलेली नक्षी. घासून घासून तो स्वच्छ केला तरी त्यात तिचं स्वतःचं तोंडसुद्धा दिसेना.

बाई भित्री नव्हती. तिनं डोकं चालवलं. एखादा टाक जुना असेल, देव्हाऱ्याच्या फटीत पडलेला. गंधानं दुसऱ्याच्या पाठीला चिकटून राहिला असेल. किंवा देवानंदनं कुठून तरी आणून ठेवला असेल. तिनं देवानंदला विचारलं.

"मी कव्हा मोजलेत ते?" तो म्हणाला. "देव तू बघती, मी बैल बघतो."

तिनं उषाला विचारलं. उषा पोतेरं पिळत होती.

"पाचच तर हायेत, आत्या. पहिल्यापासून पाचच हायेत."

कडूबाईनं उषाची पाठ वळेपर्यंत वाट पाहिली. तिनं तो गोल टाक फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत तळाशी घातला. पुढल्या रविवारी फडकं कणगीत होतं, घडी तशीच होती, आणि टाक देव्हाऱ्यात डावीकडं, चौघांपासून जरा अंतर ठेवून उभा होता. सासरच्या माणसांसमोर बाई उभी राहते तसा. म्हातारपण आलं, हातून होतं ते आठवत नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. घरात लग्न असताना असल्या गोष्टी बोलायच्या नसतात.

५

दिवाळीनंतर कागद आले. कडूबाई आणि देवानंद औरंगाबादला गेले. तोवर उषाला दिवस गेले होते, म्हणून घरात सगळा आनंदीआनंद.

"देवानंद, तुमच्यात दोष नाही," डॉक्टर म्हणाला. देवानंदनं हात जोडले. डॉक्टर हसला नाही. "बेबीनंदाच्या रक्तात मात्र आहे. तुमच्या वडिलांमध्ये होता तोच."

देवानंद तिथंच खुर्चीवर वाकून रडायला लागला. बहिणीसाठी रडणारा भाऊ. कुणालाही गलबलून यावं. कडूबाईच्या डोळ्यांत मात्र पाण्याचा थेंब नव्हता. ती भिंतीवरच्या पंख्याकडं बघत होती. उषाचं रक्त. माझ्या भावाची पोर. भावाची. आणि सखूची.

सखू तिला एकदम लख्ख आठवली. केदारखेड्याच्या घरात सखू येता-जाता डाव्या खांद्यानं चौकटीला धडकायची आणि कडूबाईसकट सगळ्या बायका हसायच्या. सखूबाई, दार काय तुझ्यासाठी अजून रुंद करायचं का? सखू पण हसायची. विहिरीच्या काठावरून ती पडली, ती डाव्या बाजूलाच.

देवानंद तोंड धुवायला बाहेर गेला. "अजून एकदा रक्त घेऊन खात्री करू," डॉक्टर सांगत होता. "ही आमची पद्धतच आहे. आणि मावशी, बिरूंच्या बहिणीची मुलं अजून आली नाहीत." टेबलावर तोच कागद होता. तो गोल अजून रिकामाच होता.

तेव्हाच बोलायचं होतं. एक वाक्य पुरे होतं. पण बोललं की सुनेला आजार, पोटातल्या लेकराला निम्मा धोका, बेबीचा कागद खोटा, सर्जेरावचं स्थळ गेलं, आणि गावभर तोंड काळं. कडूबाईनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "घ्या रक्त पुन्यांदा. या टायमाला मी पोरीला हितंच घेऊन येते." परतताना तिनं देवानंदला बजावलं, दुसरा कागद येईपर्यंत घरात कुणापाशी बोलायचं नाही, उषापाशीसुद्धा नाही.

६

या वेळी खरी बेबीनंदा गेली. महिनाभर कडूबाई उपाशी राहिली, खंडोबाला बोकड बोलली. पौषात कागद आला: दोष नाही. नाणं चित पडलं होतं.

डॉक्टरनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. "पहिल्या वेळी नमुना कुणाचा होता, मावशी? खरं सांगा. तो ज्याचा असेल त्याला उपचाराची गरज आहे. रागावणार नाही मी."

"तिचाच होता. तुमच्याकडंच काही गडबड झाली असंल. तुमची ती सिस्टर, तिचं ध्यान कुठं होतं?"

सिस्टरला बोलावलं. ती रडकुंडीला आली, कडूबाईनं तिच्याकडं बघितलं नाही. डॉक्टरनं बेबीनंदाला कागद दिला. अण्णासाहेबांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि सुपारी फुटली.

घरी आल्यावर उषानं विचारलं, "आत्या, मी दिलेल्याचं काय आलं?"

"सगळ्यांचं बराबर आलं," कडूबाई म्हणाली. "तू आता खा-पी. लेकराकडं बघ."

उषा समाधानानं हसली आणि समईत तेल घालायला गेली. तेल समईच्या डावीकडं, पाटावर पडत राहिलं. तिला कळलं ते पाय ओला झाल्यावर. कडूबाईनं पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं. लग्न पार पडू दे, मग नेऊ. चैत्रापर्यंत काय होतंय? तांब्या डावीकडं लवंडला, मग नेऊ. उषा चौकटीला धडकली, देवानंद हसला, "आई, दार रुंद करावं लागतंय बघ!" मग नेऊ. रविवारी कडूबाई आता टाक न मोजताच घासायची. गोल टाक हाताला लागला की ती डोळे मिटून तो पुसायची. मिटल्या डोळ्यांनीसुद्धा अंगठ्याला कळायचं की त्यावर काहीतरी उमटायला लागलंय.

७

चैत्रात लग्न झालं. मांडव चांगला पडला, जेवणावळीला कुणी नाव ठेवलं नाही. बेबीनंदा सासरी गेली, पाहुणे पांगले. आठव्या दिवशी रविवार होता. कडूबाई दुपारी पाण्याचा हंडा घेऊन आत आली तेव्हा उषा सातव्या महिन्याचं पोट सावरत गुडघ्यावर बसून देवघर सारवत होती. भुई ओली, हिरवट, बोटांच्या कमानी एकीसारखी एक. बाहेर ऊन रणरणत होतं, आत शेणाचा थंड वास.

डाव्या भिंतीलगतचा पट्टा आज राहिला नव्हता. तिथंही सारवलं होतं. फक्त मध्ये एक जागा कोरडी होती. मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी. सारवणाऱ्या बोटांच्या कमानी त्या जागेपाशी येऊन नीट वळसा घालून पुढं गेल्या होत्या. कुणी बसलं असलं की त्याला न उठवता आपण भोवतीनं सारवतो, तशा. आणि तिच्या पुढ्यात अजून एक कोरडी जागा होती, सुपाएवढी.

हंडा कधी खाली ठेवला ते कडूबाईला कळलं नाही. "उषे, हे काय सोडलंय?"

उषा समोरच बघत म्हणाली, "आई बसलीय ना तिथं."

"कोण आई?"

"माझी. लई दिवसांपासून बसती. डाव्या अंगाला." तिचा आवाज अगदी साधा होता, शेजारीण आलीय असं सांगावं तसा. "मान वळवली की उठून जाती, आत्या. म्हणून मी आता वळवतच न्हाई."

डोळ्यातल्या गाठीनं असं होत असेल. अर्धं दिसेना की उरलेलं मन भरून काढतं, बिरूलाही शेवटी कोपऱ्यात माणसं दिसायची. कडूबाई हे सगळं भराभर स्वतःला सांगत होती, आणि तिची नजर त्या कोरड्या जागेवरून हलत नव्हती. जागेच्या कडेचं ओलं शेण, ती बघत असताना, जरासं दबलं. बसलेल्या बाईनं गुडघा हलवल्यावर दबेल तेवढंच.

"अन् ती लहान?"

उषानं शेणाचा हात पदराला पुसून पोटावर ठेवला. "काय की. आई म्हणली, ही पण राहू दे."

कडूबाईनं देव्हाऱ्याकडं पाहिलं. पाहायचं नव्हतं, पण मान वळली. गोल टाकावर चेहरा पुरा झाला होता. नाकात नथ होती. उजव्या डोळ्याचा टिंब होता, डाव्याची जागा गुळगुळीत. सोनारानं विसरावी तशी.

तेव्हा तिचं सगळं अवसान गळालं. लेकीला वाचवायला निघालेली बाई. लेक तर आपसूकच सुटलेली होती, नाण्यानं सोडलेली. सुनेनं खरं नाव सांगून रक्त दिलं असतं तर आज तिचा डोळा शाबूत राहिला असता. दहा महिने. त्यातले पाच महिने तर कळूनसवरून ती "मग नेऊ" म्हणत राहिली. मी पापी आहे, तिला वाटलं, आणि ते तिला अगदी स्पष्ट, अक्षरशः असंच वाटलं.

"ऊठ," ती म्हणाली. "ऊठ पोरी, राहू दे ते. दोनची गाडी हाय. औरंगाबादला जायचंय, जल्दी. डोळा दाखवायचा, रक्त द्यायचं."

उषानं का म्हणून विचारलं नाही. भिंतीला हात टेकत ती उठली, त्या कोरड्या जागेला पाय लागू न देता बाजूनं आली. हात धुतले. मग तिनं गळ्यातलं मंगळसूत्र उचलून नीट पोलक्यात घातलं, वरून पदर घेतला आणि शहाण्या पोरीसारखी आत्यापुढं येऊन उभी राहिली.

"आता कुणाच्या नावानं देऊ, आत्या?"